दशांशाचे मूल्य व दशांशाचे रूप : आसन्न लेखनाच्या इतिहासातील काही प्रकरणे

संख्या आणि संख्येचे लेखन यांतील भेद भाषाशास्त्राच्या अभ्यासकास नवा नाही. अर्थ व शब्द यांच्या संबंधाचा जो जुना प्रश्न आहे, त्याचेच हे एक अंग होय. व्यवहारात मात्र हा भेद क्वचितच ध्यानी घेतला जातो. जो आकडा डोळ्यांस दिसतो तीच संख्या, अशी सर्वसाधारण समजूत असते. आज बहुसंख्य लोक आकडे कागदावर वाचीत नाहीत, वेबपृष्ठावर वाचतात. संगणकाच्या स्मृतीत असलेली संख्या आणि वाचकासमोर येणारा आकडा यांच्यामध्ये एक साचा असतो. दशांशचिन्हापुढे किती अंक दाखवावयाचे, अखेरचा अंक एकाने वाढवावयाचा की तसाच ठेवावयाचा, स्वल्पविराम कोठे द्यावयाचा, अंक कोणत्या लिपीतील घ्यावयाचे, हे सर्व तो साचा ठरवितो. साचा लिहिणारा हे काम बहुधा एका ओळीत उरकतो व पुढे जातो. त्या एका ओळीमागे असलेला इतिहास मात्र बराच लांबचा आहे. त्यात पंचांगकर्ते, टांकसाळी, विधिमंडळे व सराफ या सर्वांचा हात आहे, आणि त्यात सामान्य माणसांचे पैसे, क्वचित त्यांची मतेही, इकडची तिकडे झालेली आहेत.

मतांचे उदाहरण अलीकडचे आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या घटकराज्यात ५ एप्रिल १९९२ रोजी विधिमंडळाची निवडणूक झाली. तेथील नियमाप्रमाणे एकूण मतांपैकी निदान पाच टक्के मते मिळविल्याखेरीज पक्षास प्रमाणशीर जागांत वाटा मिळत नाही. मतमोजणीच्या रात्री हरित पक्षाच्या नावापुढे ५.० असा आकडा दिसू लागला व त्याप्रमाणे जागांची वाटणीही जाहीर झाली. वस्तुतः त्या पक्षास ४.९७ टक्के मते पडली होती. निकालाचे तक्ते छापणारी आज्ञावली एकच दशांशस्थळ दाखवीत असे, तिने ४.९७ चे ५.० केले. तिच्या दृष्टीने तिचे काहीच चुकले नव्हते. मध्यरात्रीनंतर चूक उघडकीस आली, हरित पक्ष विधिमंडळाबाहेर राहिला आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षास एका जागेचे बहुमत प्राप्त झाले. येथे हिशेब बिघडलेला नव्हता. संख्येच्या रूपालाच कोणी तरी तिचे मूल्य समजून बसले, एवढेच घडले.

संख्येस तिच्या जवळच्या सोयीच्या संख्येने दर्शविण्याच्या क्रियेस मराठी शालेय गणितात ‘आसन्न किंमत काढणे’ म्हणतात. हा ‘आसन्न’ शब्द अर्वाचीन पाठ्यपुस्तककारांनी बनविलेला नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आपल्या ग्रंथात वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला आणि तो आसन्न आहे असे स्पष्ट म्हटले. ‘आ’ उपसर्गपूर्वक ‘सद्’ धातूपासून हा शब्द झाला आहे. जवळ येऊन बसलेले, असा त्याचा मूळ अर्थ. आसन्न म्हणजे चुकीचे नव्हे आणि नेमकेही नव्हे. आपण दिलेला आकडा केवळ जवळचा आहे, ही कबुली आर्यभटाने आकड्याच्या शेजारीच नोंदविली, हे विशेष होय. आजच्या वेबपृष्ठांवर आकडे असंख्य दिसतात, ही कबुली क्वचितच दिसते.

त्याच ग्रंथातील ज्याकोष्टकातही आसन्नीकरणाचा एक बोलका दाखला मिळतो. परिघाच्या २१,६०० कला धरल्या असता आर्यभटाच्याच गुणोत्तराने त्रिज्या ३४३७.७४ कलांच्या आसपास येते. त्याने ती ३४३८ घेतली. अर्ध्याहून अधिक उरले तर एक मिळवावा व कमी उरले तर सोडावे, ही रीत भारतीय ज्योतिर्गणितात पुढेही सर्वत्र आढळते. चौदाव्या शतकात केरळातील संगमग्रामच्या माधवाने हीच त्रिज्या ३४३७ कला, ४४ विकला व ४८ प्रतिविकला इतकी सूक्ष्म करून दिली. उलट कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचताना ज्याकोष्टके वगळून ग्रहगणित सोपे करण्याचा मार्ग पत्करला, आणि महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी तो शतकानुशतके चालविला. सूक्ष्मता किती राखावी हे गणित सांगत नाही. ज्यास त्या आकड्याचा उपयोग करावयाचा आहे तो ते ठरवितो. माधव व गणेश हे दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते.

मात्र वरील सर्व अपूर्णांक षष्टिमान पद्धतीचे, साठाच्या भागांचे होते. स्थानमूल्याने पूर्णांक लिहिण्याची युक्ती भारतात सिद्ध झाली. तीच युक्ती एककाच्या उजवीकडे चालविण्याचे काम इतरत्र झाले. दमास्कस येथे दहाव्या शतकाच्या मध्यास अल-उक्लिदिसीने दशांश अपूर्णांक वापरले व एककाच्या अंकावर खूण करून पूर्णांकाची हद्द दाखविली. समरकंदच्या अल-काशीने १४२७ मध्ये या अपूर्णांकांचे व्यवस्थित विवेचन केले. युरोपात सिमोन स्टेव्हिनने लायडन येथे १५८५ मध्ये आपली छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याने प्रत्येक अंकापुढे वर्तुळात त्याचे स्थान लिहिले, म्हणजे एककापुढे वर्तुळातील शून्य, दशांशापुढे वर्तुळातील एक, याप्रमाणे. ही चिन्हे लिहावयास फारच अवजड होती. नेपिअरच्या १६१७ व १६१९ च्या ग्रंथांत ती जाऊन केवळ बिंदू वा स्वल्पविराम राहिला. स्टेव्हिनच्या पुस्तिकेचा शेवट येथे अधिक महत्त्वाचा आहे. नाणी, वजने व मापे हीही दशमान असावीत, अशी सूचना करून तो थांबतो. भारतीय रुपयाच्या बाबतीत ती सूचना अमलात यावयास ३७२ वर्षे लागली.

बिंदू आणि स्वल्पविराम यांचा वाद आजतागायत मिटलेला नाही. लाइब्निट्सने १६९८ मध्ये गुणाकारासाठी बिंदू सुचविला. युरोपखंडात बिंदू त्या कामी लागला व दशांशासाठी स्वल्पविराम स्थिरावत गेला, तर इंग्लंडात दशांशबिंदू टिकला. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ मध्ये दोन्ही चिन्हांस मान्यता दिली व मोठ्या संख्यांत तीन-तीन अंकांचे गट पाडताना दोहोंपैकी कोणतेही चिन्ह घालू नये असे ठरविले. २००३ मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. लक्ष व कोटी यांच्या हिशेबाने दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देणारा भारतीय वाचक या ठरावाच्या सर्वस्वी बाहेर राहतो, आणि त्यात बिघडले काहीच नाही. त्याचा स्वल्पविराम त्याच्या भाषेतील संख्यानामांशी जुळतो.

गोव्याचे उदाहरण या संदर्भात मनोरंजक आहे. तेथे १९५८ मध्ये पोर्तुगीज प्रशासनाने रुपया काढून त्याच्या जागी एस्कुदो आणला. एस्कुदोच्या लेखनात पूर्णांक व शतांश यांच्या मधोमध बिंदूही नसे, स्वल्पविरामही नसे. डॉलरच्या चिन्हासारखे दिसणारे ‘सिफ्रांव’ हे चिन्ह असे. या शब्दाचे मूळ अरबी ‘सिफ्र’ म्हणजे रिकामे, आणि तो अरबी शब्द संस्कृत ‘शून्य’ या संज्ञेचे भाषांतर. भारतातून बाहेर गेलेले शून्य पोर्तुगीज नाण्याच्या दशांशचिन्हाचे नाव होऊन गोव्यात परतले, असे म्हणता येईल. रुपया सहा एस्कुदोंच्या बरोबरीचा धरला होता व जुन्या रुपयाचे सोळा टंके होत. म्हणजे एका टंक्याचे साडेसदतीस सेन्ताव्ह झाले. हा अर्धा सेन्ताव्ह कोणाच्या पदरी घालावयाचा, हा प्रश्न गोव्यात फार काळ राहिला नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला व त्यानंतर भारतीय रुपयाच तेथील चलन झाला. भारतात मात्र नेमका हाच प्रश्न एक वर्ष आधी उभा राहिला होता.

तो समजून घेण्यासाठी प्रथम मराठीतील अपूर्णांकवाचक शब्दांकडे वळले पाहिजे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, औट ही मालिका पाहिली असता असे दिसते की, या भाषेने एककाचे भाग पाडताना दोनाने भागण्याचीच क्रिया पुनःपुन्हा केली आहे. ‘पाऊण’ हा पादोन, म्हणजे पाव उणा. ‘सव्वा’ हा सपाद, म्हणजे पावासह. ‘अडीच’ अर्धतृतीयापासून आला. तिसरा अर्धा, असा त्याचा अर्थ. ‘औट’ अर्धचतुर्थापासून, म्हणजे चौथा अर्धा, साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे घोकून तयार झालेल्या मुलास साताचे सव्वापट विचारले असता कागद लागत नसे. दशांशासाठी मात्र भाषेत घरगुती नाव एकही नाही. ‘दशांश’ व ‘शतांश’ हे ग्रंथांतले शब्द आहेत. बोलताना तर मराठी माणूस ‘तीन पॉइंट दोन पाच’ असेच म्हणतो, आणि तेच तीन व पाव असेल तर ‘सव्वातीन’ म्हणून मोकळा होतो.

लेखनातही तसेच. एकावर एक उभी रेघ म्हणजे सव्वा (१।), दोन रेघा म्हणजे दीड (१॥), तीन म्हणजे पावणेदोन (१॥।). या रेघांस स्थानमूल्य नाही. त्या पाव मोजतात, एवढेच. पावाच्या पुढचा भाग आणा. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पया तीन, मिळून रुपयाच्या पया १९२. पयांचा ‘तीन’ सोडला तर ही सर्व व्यवस्था दोनाच्या घातांची आहे. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार आजही चालतो. शंभर पैसे खरे, असे कोणी म्हणत नाही.

भारतीय नाणे अधिनियमात १९५५ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ‘नवा’ हे विशेषण १ जून १९६४ पासून गळाले. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, बारा आण्यांचे पंचाहत्तर, इतके सोपे होते. अडचण मधल्या आण्यांची. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२.५०, तीन म्हणजे १८.७५. पाव पैशाचे किंवा अर्ध्या पैशाचे नाणे नव्हते. म्हणून अधिकृत कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे ठरले. पुढे पाचांचे एकतीस, सहांचे सदतीस, सातांचे चव्वेचाळीस. नऊंचे छपन्न, दहांचे बासष्ट, अकरांचे एकोणसत्तर. आणि तेरांचे एक्याऐंशी, चौदांचे सत्याऐंशी, पंधरांचे चौऱ्याण्णव.

या कोष्टकातील नियम त्याच्या आकड्यांवरूनच उघड होतो. अर्ध्याहून कमी असेल ते सोडले, अधिक असेल तेथे एक मिळविला. नेमका अर्धा आला असता काय करावयाचे, हा खरा प्रश्न. आणि तो दोन, सहा, दहा व चौदा आणे या चार ठिकाणी येतो. चारही ठिकाणी अर्धा सोडून दिला आहे. परिणाम मोजता येण्याजोगा आहे. एकापासून पंधरापर्यंतच्या आण्यांचे नेमके नवे पैसे मिळून ७५० होतात, कोष्टकातील आकड्यांची बेरीज ७४८ भरते. जुन्या आण्यांचे नवे पैसे घेणाऱ्याची ही तूट होती. चारही ठिकाणी अर्धा वर चढविला असता तर बेरीज ७५२ झाली असती व दोन पैसे उलट बाजूस गेले असते. तिसरी एक रीत आहे : नेमका अर्धा आला असता जो शेजारचा अंक सम असेल तो घ्यावा. तिने १२.५ चे १२, ३७.५ चे ३८, ६२.५ चे ६२ आणि ८७.५ चे ८८ होतात, आणि बेरीज बरोबर ७५० येते. परंतु त्या काळच्या दुकानदारास व गिऱ्हाइकास सहा आण्यांचे अडतीस आणि दहा आण्यांचे बासष्ट का, हे समजावून सांगणे फार कठीण गेले असते. समान नियम सर्वांस कळतो, समतोल नियम थोड्यांस. राज्यकर्त्यांनी कळणारा नियम निवडला, यात दोष देण्याजोगे फारसे काही नाही.

खरा घोळ कोष्टकात नव्हता, त्याच्या वापरात होता. एकेका आण्याची चार खरेदी स्वतंत्रपणे केल्यास प्रत्येक वेळी सहा याप्रमाणे चोवीस नवे पैसे पडतात, तीच चार आण्यांची एकत्र केल्यास पंचवीस. सोळा वेळा एक आणा दिल्यास शहाण्णव पैशांतच रुपया संपतो. उलट तीन आण्यांची वस्तू विकणाऱ्यास प्रत्येक खेपेस पाव पैसा अधिक मिळतो. म्हणजे आधी बेरीज करून मग आसन्न किंमत काढावयाची की आधी आसन्न किंमत काढून मग बेरीज करावयाची, यावर रक्कम अवलंबून राहते. शिवाय सर्वत्र एकच नियम होता असेही दिसत नाही. त्याच वर्षी निघालेल्या, भारताचा नकाशा असलेल्या टपालतिकिटांच्या मालिकेत सहा, दहा, पंधरा यांच्या जोडीला तेरा नव्या पैशांचे तिकीट आढळते, बाराचे नाही.

योगायोग असा की, आय. बी. एम. कंपनीचा फोरट्रान हा भाषानुवादकही एप्रिल १९५७ मध्येच ग्राहकांच्या हाती पडू लागला. फोरट्रानमध्ये संख्या कशी छापावयाची हे सांगणारे स्वतंत्र ‘फॉरमॅट’ विधान होते. एकूण दहा घरे, पैकी दशांशाची दोन, अशा प्रकारची सूचना त्यात देता येई. मूल्य एकीकडे व रूप दुसरीकडे, ही विभागणी संगणकाच्या भाषेत येथे प्रथम इतकी स्पष्ट झाली. व्यापारी हिशेबासाठी १९६० मध्ये आलेल्या कोबोलने ‘पिक्चर’ या नावाने संख्येचे चित्रच लिहावयाची सोय केली. ‘राउंडेड’ हा शब्द घातल्याविना कोबोल उरलेले दशांश छाटून टाकी. आसन्नीकरण हवे असल्यास ते मुद्दाम मागावे लागे. आजच्या वेबसाच्यांतील दशांशाच्या सर्व सूचना या दोहोंच्या वंशातील आहेत.

संगणकाच्या आत मात्र संख्या द्विमान पद्धतीने राहतात, आणि येथे आण्याच्या गोष्टीस एक अनपेक्षित वळण मिळते. १९८५ मध्ये प्रमाणित झालेल्या आय-ट्रिपल-ई ७५४ या पद्धतीत अपूर्णांक हे दोनाच्या घातांच्या बेरजेने दर्शविले जातात. रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे आणा, या पद्धतीत तंतोतंत मांडता येतो; ६.२५, १२.५ आणि १८.७५ हे तिन्ही आकडेही तंतोतंत येतात. रुपयाचा शंभरावा भाग मात्र येत नाही, कारण शंभराच्या अवयवांत पाच आहे व पाचाने भागलेली संख्या द्विमानात कधी संपत नाही. म्हणजे ज्या नाण्याचा हिशेब अवघड म्हणून ते १९५७ मध्ये चलनातून काढले, ते यंत्रास जसेच्या तसे समजले असते. आणि सोपा म्हणून आणलेला पैसा यंत्रास केवळ आसन्न रूपातच समजतो. पाव-निमकीचे पाढे रचणाऱ्यांच्या मनात यंत्र असणे शक्यच नव्हते. वस्तू अर्धी, मग तिची अर्धी, अशी हातांनी वाटणी करणाऱ्या माणसाचे गणित आणि विजेच्या दोन स्थितींवर चालणाऱ्या यंत्राचे गणित हे स्वभावतः एकच निघाले.

या आसन्न साठवणीचे फळ वेबपृष्ठावर दिसते. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने रचलेली जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा सर्व दशांश याच पद्धतीने ठेवते. तीत ०.१ व ०.२ यांची बेरीज छापली असता ०.३०००००००००००००००४ असा आकडा पुढे येतो. अशी शेपटी झाकण्यासाठी १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीत दशांशस्थळे ठरवून देणारी ‘टूफिक्स्ड’ ही क्रिया आली. तिला १.००५ दिले व दोन स्थळे मागितली तर अपेक्षा १.०१ ची असते, उत्तर १.०० येते. पुष्कळांस हा यंत्राचा प्रमाद वाटतो. वस्तुतः यंत्रात १.००५ कधी गेलेच नव्हते. गेले ते १.००४९९९९९९… असे काहीसे, आणि ते अर्ध्याहून कमी असल्यामुळे नियमाने सोडले गेले. नेमका अर्धा कोठे आहे हेच जेथे ठाऊक नाही, तेथे अर्ध्याचा नियम लावून उपयोग काय? पैशांचे हिशेब पूर्णांक पैशांतच साठवावेत, अथवा दशमान साठवण वापरावी, ही हिशेबतज्ञांची सूचना याचसाठी आहे. २००८ मध्ये उपर्युक्त प्रमाणातही दशमान साठवणीची भर घालण्यात आली.

साच्यांच्या संदर्भात जांगो या प्रणालीचा उल्लेख करावयास हवा. ती अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडली व २००५ मध्ये सर्वांस खुली झाली. तिच्यातील ‘फ्लोटफॉरमॅट’ ही गाळणी स्थळांची संख्या न सांगितल्यास एकच दशांशस्थळ दाखविते, आणि तेही दशांश शून्य नसेल तेव्हाच : ३४.२३२३४ चे ३४.२, पण ३४.००००० चे केवळ ३४. वृत्तपत्राच्या वाचकास हे सोयीचे आहे. परंतु ‘३४’ आणि ‘३४.०’ ही एकाच मूल्याची दोन रूपे असली तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. दुसऱ्यातील शून्य मोजणारा किती सूक्ष्म मोजत होता हे सांगते. व्याकरणात ज्यास शून्यप्रत्यय म्हणतात त्याचेच हे उलट रूप होय : तेथे काही न लिहिता अर्थ असतो, येथे शून्य लिहिल्यानेच अर्थ येतो. रूप एकदा सिद्ध झाले की संख्या यंत्राच्या दृष्टीने शब्द होते, हेही विसरता कामा नये. जावास्क्रिप्टमध्ये सजविलेल्या १.०० व २.०० या दोहोंत अधिकचिन्ह घातले तर ३.०० होत नाहीत, १.००२.०० असा संधी होतो. उणे एक सहस्रांशास दोन स्थळांचे रूप दिले तर ‘उणे शून्य पूर्णांक शून्य शून्य’ छापले जाते. असले ऋण शून्य कोणत्याही सराफाच्या वहीत सापडणार नाही.

रूप हे परत मूल्यात शिरल्यास काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला कॅनडातील व्हँकूव्हर शेअरबाजाराचा आहे. तेथील निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर, म्हणजे दिवसातून सुमारे तीन हजार वेळा, तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांशस्थळांनंतरचा भाग छाटून पुढच्या गणितास घेतला जाई. प्रत्येक खेपेस सरासरी अर्धा सहस्रांश जात होता. हे नुकसान कोणाच्या नजरेत भरण्याजोगे नव्हते. दिवसाकाठी मात्र ते दीड अंकाच्या घरात जाई. बाजार बरा चालला असताना निर्देशांक घसरतच राहिला व २५ नोव्हेंबर १९८३ रोजी ५२४.८११ वर बंद झाला. आठवड्याची सुटी संपवून सोमवारी २८ तारखेस बाजार उघडला तेव्हा दुरुस्त केलेला आकडा १०९८.८९२ होता. छाटणीऐवजी योग्य आसन्नीकरण असते तर वर-खाली होणाऱ्या चुका बव्हंशी एकमेकींस काटून गेल्या असत्या.

युरोपीय देशांनी समाईक चलन आणताना हा सर्व अनुभव जमेस धरलेला दिसतो. १९९७ च्या नियमावलीने विनिमयाचे दर सहा सार्थ अंकांत ठरविले. जर्मन मार्कचा दर १.९५५८३ होता. हे दर गणित चालू असताना आसन्न करता येणार नाहीत, ही अट घातली. एका राष्ट्रीय चलनातून दुसऱ्यात जाताना मधली युरोतील रक्कम निदान तीन दशांशस्थळे राखून घ्यावयाची, शेवटची देय रक्कम तेवढी जवळच्या सेंटवर आणावयाची, आणि नेमका अर्धा आला तर वर चढवावयाचा. १९५७ च्या कोष्टकाने जेथे मौन पाळले होते तेथेच या नियमावलीने बोट ठेवले : आसन्नीकरण कोणत्या पायरीवर करावयाचे, हे तिने सांगितले. भारतातही २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या १७० व्या कलमाने कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणताना पन्नास वा अधिक पैशांचा एक रुपया धरावा असे म्हटले. साठ वर्षांत अर्ध्याची बाजू बदलली. १९५७ मध्ये अर्धा पैसा सोडला गेला, २०१७ मध्ये अर्धा रुपया मिळविला गेला.

जावास्क्रिप्टच्या भाषाविषयक प्रमाणाने, ज्याची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये निघाली, या दोन्ही नियमांस २०२३ मध्ये नावे दिली. आता साच्यात आसन्नीकरणाचे नऊ प्रकार निवडता येतात. न सांगता लागू होणारा प्रकार अर्ध्यास शून्यापासून दूर नेतो. धन रकमांपुरता तो वस्तू व सेवा कराचाच नियम होय. १९५७ चा नियमही त्या नवांत आहे, अर्ध्यास शून्याकडे नेणारा. आणि सम अंकाकडे नेणारा तिसराही आहे. त्याच सुधारणेने अक्षररूपात दिलेली दशांश संख्या द्विमानात न नेता जशीच्या तशी वाचण्याचीही सोय केली, म्हणून १.००५ चे आता १.०१ होऊ शकतात.

हेच प्रमाण मराठीसाठी काय करते, हे पाहण्याजोगे आहे. भाषांच्या लेखनसंकेतांचा जो जागतिक संग्रह ब्राउझर वापरतात, त्यात मराठीचे स्वाभाविक अंक देवनागरी धरले आहेत. हिंदीचे तसे नाहीत. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघाच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप सांगितले आहे, हे येथे आठवेल. मराठी ही भाषा सांगून साच्यास संख्या दिली तर १२,३४,५६७.८९ असे लक्ष-कोटीचे स्वल्पविराम घातलेले देवनागरी रूप आपोआप मिळते. जुन्या ‘टूफिक्स्ड’ने ते मिळत नाही, ती क्रिया भाषा जाणत नाही. परंतु हा रस्ता एकेरी आहे. तेच ‘१२.५’ वाचकाने पृष्ठावरील चौकटीत देवनागरीत टंकून परत पाठविले, तर जावास्क्रिप्ट त्यास संख्या मानावयास नकार देते. पायथन ही दुसरी भाषा मात्र ते बिनतक्रार वाचते. मराठीत दाखविलेला आकडा मराठीत परत घेता येत नसेल, तर साचा लिहिणारा देवनागरी अंक टाळू लागतो आणि वाचकासमोर पुन्हा रोमन अंकच येतात. अनेक मराठी पृष्ठांवर मजकूर देवनागरीत व रकमा रोमन अंकांत दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

पाव, अर्धा व पाऊण यांच्या रेघांची गोष्ट आणखी निराळी आहे. युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीने ऑक्टोबर २००९ मध्ये उत्तर भारतीय अपूर्णांकचिन्हांचा एक स्वतंत्र गट स्वीकारला. त्यात पाव, अर्धा व पाऊण आहेत, सोळाव्या भागाची चिन्हे आहेत, जुनी रुपयाची खूणही आहे. म्हणजे मोडी दप्तरातील सव्वा आज कोणत्याही वेबपृष्ठावर लिहिता येतो. मात्र वरील संग्रहातील मराठीच्या संख्यालेखनाच्या नमुन्यात बिंदूखेरीज दुसरी वाट नाही, १.२५ या मूल्यास ‘१।’ हे रूप हवे असेल, तर साचा लिहिणाऱ्यास ते अद्याप स्वतःच्या हातांनी घडवावे लागते.